पिक्चरमधली हिंदी आणि पातळ वरण

माझ्या बायकोचं माहेर अकोल्याचं, तेही टॉकीजच्या मागच्या गल्लीत. भिंतीपलीकडून आवाज यायचा, म्हणून निम्मे हिंदी पिक्चर तिला पाहण्याआधीच पाठ झाले होते. लग्न होऊन ती भातकुलीजवळच्या आमच्या मळ्यात आली, तेव्हा हे वेडही सोबत आलं. आम्ही शेवंती आणि झेंडू लावतो, अमरावतीच्या फूलबाजारात विकतो. दुपारी ती हार ओवायला बसली की समोर पिक्चर लागलाच पाहिजे. पडद्यावर कोणाची आई मेली की हिचे डोळे गळायला लागतात आणि हारात झेंडूच्या जागी शेवंती जाते. मी वैतागतो, ती ऐकत नाही. असा आमचा संसार.

मुलगी डॉक्टरकी शिकायला किर्गिझस्तानात गेली, तेव्हा माझी झोप उडाली. आमच्या घराण्यात नागपूरच्या पुढे कोणी शिकायला गेलेलं नव्हतं. तिथं ती एका एकट्या म्हाताऱ्या बाईकडे खोली घेऊन राहते. या घरमालकिणीला हिंदी पिक्चरचा भारी नाद. पूर्वी म्हणे तिकडे आपले पिक्चर दुसऱ्या भाषेत आवाज भरून लागायचे. आता ती मोबाइलवर मूळ हिंदीतच पाहते, अर्थ खालच्या ओळींत वाचते, आणि ऐकून ऐकून थोडं बोलतेही. मुलीच्या वर्गातल्या तिकडच्या पोरी लग्नात आपल्याच गाण्यांवर नाचतात.

"आपले पिक्चर आता साऱ्या दुनियेत चालून राहिले," बायकोनं मला ऐकवलं, जणू सगळे हिनंच काढले होते.

"चालू दे ना. त्याच्यानं आपल्या पोरीले तिथं कोन पानी पाजते?" मी म्हणालो.

त्या हिवाळ्यात एका दुपारी मुलीच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. बायकोनं हसतच उचलला. पडद्यावर मुलगी नव्हतीच. डोक्याला पांढरी लोकरी ओढणी गुंडाळलेली एक म्हातारी होती. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी, मागे सलाईनची बाटली. ओठ हलत होते, पण घरात रेंज धड नसल्यानं आवाज येत नव्हता.

पांढरं वस्त्र, जोडलेले हात, मुकं रडणं. बायकोनं हा सीन आयुष्यभर पाहिला होता आणि तिच्या लेखी त्याचा अर्थ एकच होता. हातातला हार खाली पडला. "गेली माही पोरगी," एवढंच म्हणून ती भिंतीला टेकली.

मी मोबाइल हिसकावला आणि विहिरीकडे धावलो. तिथं रेंज येते. त्या धावण्यात मी देवाला काय काय कबूल केलं, ते सांगायची सोय नाही.

विहिरीच्या कठड्याशी आवाज फुटला. मुलीची घरमालकीण होती ती. "नमस्ते, बाबूजी. बेटी ठीक. ऑपरेशन ठीक. डॉक्टर साहब बोला, खतरा नहीं."

अपेंडिक्सचं ऑपरेशन आदल्या दिवशीच झालं होतं. आम्ही घाबरू म्हणून मुलीनं कळवू दिलं नव्हतं. आता ती झोपली होती, आणि तिच्या आईबापाला न सांगता राहणं म्हातारीला जमेना. तिनं मोबाइल फिरवला. मुलीचं पांघरूण श्वासाबरोबर हळूहळू वरखाली होत होतं. मी कठड्यावर बसलो. इतकं हलकं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

मागून बायको धापा टाकत आली. मुलीला डोळे भरून पाहिल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "फिर आप रोती कायको थी?"

म्हातारी लाजली. "माँ को देखा. माँ देखती, तो मैं हमेशा रोती."

म्हणजे दोन पिक्चरवेड्या बायकांनी मिळून माझा जीव घ्यायचा तेवढा बाकी ठेवला होता. चिडायला हवं होतं, पण मला हसू आवरेना.

मुलगी खोलीवर परतली आणि डॉक्टरांनी मऊ खायला परवानगी दिली, तेव्हा नवीनच पंचाईत झाली. आमच्याकडे आजारातून उठलेल्याला मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण लागतं. आईनं बांधून दिलेली डाळ मुलीजवळ होती, पण ती शिजवायची कशी हे तिला स्वतःलाच येत नव्हतं, मग म्हातारीला सांगणार कसं? खून, बदला, कसम, जुदाई, असे सगळे हिंदी शब्द म्हातारीला येत होते. पिक्चरमधल्या आया ताट वाढतात, रडतात, पण डाळीत पाणी किती घालायचं हे काही सांगत नाहीत.

शेवटी बायकोनं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि स्वतःच वरण टाकलं. हिनं डाळ धुतली, तिकडे म्हातारीनंही धुतली. हिनं बोटाच्या पेरानं पाणी मोजलं, तिनंही बोट बुडवलं. मुलीजवळचा हिंग मात्र तिनं हुंगला, तोंड वाकडं केलं आणि ठेवून दिला.

मग तिनं वाटी पलंगाशी नेली, वरण फुंकून मुलीला चमच्यानं भरवलं. आम्ही दोघं इकडे श्वास रोखून पाहत होतो. मुलीनं घोट गिळला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आई, मीठ कमी हाय."

लहानपणापासून ती प्रत्येक जेवणाला हेच म्हणत आली आणि दर वेळी आईची बोलणी खात आली. त्या दिवशी तिची आई माझ्याकडे वळली. तिचे गाल भिजलेले होते.

"आयकलं का?" ती म्हणाली. "मीठ कमी हाय म्हनते."