पिठाच्या डब्यातला फोन

सिल्दा हसताना तोंडावर हात धरायची. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई लाजाळू दिसते. लाजाळू कसली डोंबलाची! वरचे पुढचे चार दात गेलेले, ते खिंडार दिसू नये म्हणून हात. बाकी जीभ अशी तिखट, की बेलें शहराच्या अख्ख्या पेद्रेरा वस्तीत तिच्या तोंडी लागायला कोणी धजत नसे.

खरं नाव इरासिल्दा, पण एवढं लांब नाव घ्यायला सवड कोणाला? दुपारी चारला आंब्याच्या झाडाखाली तिची गाडी लागायची. पातेल्यात साबुदाण्याच्या कंदाचा पिवळा आंबट रस रटरटत असायचा. भोपळ्याच्या वाटीत आधी खळ, त्यावर रस, मग जाम्बूचा पाला आणि सुकी कोळंबी, की झाला ताकाका. अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना तो कढत कढत प्यायचा. जाम्बूने ओठ आणि जीभ बधिर झाली की माणूस खूश. सिल्दा तोच पाला हिरडीत दाबून ठेवायची, म्हणजे ठणका थांबायचा. तेहतीस वर्षं लोकांची जीभ आणि आपली हिरडी तिने एकाच पाल्यावर भागवली.

शेजारी अब्दियासची कणसांची शेगडी. पासष्टीचा म्हातारा, बायको गेलेली, जीभ मात्र शाबूत. रोज एक भाजलेलं कणीस पुढे करायचा.

"घे गं सिल्दा, कोवळं आहे."

"चिडवताय होय, अब्दियासभाऊ? नोव्हेंबरात द्या. दात येणार आहेत मला."

"या वयात? मग लाळेरंही शिवायला टाक बाई."

पण दात खरंच येणार होते. नोव्हेंबरात नात तायनाराला पंधरा पूर्ण होत होती, आणि इकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस म्हणजे अर्धं लग्नच. तायनाराची आई मानाउसला लोकांच्या घरची धुणीभांडी करायची, पोर सिल्दाच्याच मांडीवर वाढली. त्या दिवशी आजी-नातीचा फोटो निघणार आणि त्यात आपण तोंड उघडून, हात खाली ठेवून हसणार, एवढीच सिल्दाची इच्छा. तिने तीनशे रेआल आगाऊ देऊन मेणात जबड्याचं माप दिलं होतं. दात करून तयारही झाले होते. कारागिराच्या काचेच्या कपाटात, प्लास्टरच्या जबड्यावर, नावाची चिठ्ठी लावून बसले होते. उरलेले नऊशे दूध पावडरच्या डब्यात जमत आले होते. मधूनच ती उगाच त्या दुकानावरून जायची. आपलेच दात काचेआडून आपल्याकडे बघून हसताहेत, आणि आपण तोंडावर हात धरून उभ्या!

जूनमध्ये बँकेचा निरोप आला. तायनाराने वाचून दाखवला.

"आजी, तुझा फोन जुना झाला. पहिल्या तारखेपासून बँकेचं ॲप यावर चालणार नाही."

"फोन तर चालतोय की गं. काल मानाउसला बोलले."

"फोन चालतोय, बँक चालणार नाही."

"मग बँक दुरुस्तीला टाका. माझ्या फोनला का बोल लावता?"

फोनही अगदी नवरीसारखा होता अशातला भाग नाही. पाठ तडकलेली, बॅटरी फुगलेली, सगळं एका रबरबँडने आवळून धरलेलं. पण पाच वर्षं एक दिवस अडला नव्हता. सिल्दाला बँकेचा राग आला आणि तिने पहिल्या तारखेला गाडीवर पाटी लावली, 'फक्त रोख.' गिऱ्हाईक यायचं, पाटी वाचायचं, रिकामे खिसे दाखवून जायचं. हल्लीच्या माणसाच्या खिशात किल्ली असते आणि फोन असतो, नोट नसते. तिसऱ्या दिवशी अर्धं पातेलं तिने गटारात ओतलं. तो पिवळा रस वाहत जाताना अब्दियासने मान फिरवली.

मग फोनचं दुकान. तिथला एदिनेल्सन नावाचा विक्रेता, केसांना चकचकीत तेल आणि जिभेलाही.

"हा घे मावशी. अठराशे नव्वद."

"अरे, याच कंपनीचा मी सातशेला घेतला होता!"

"तेव्हा मीही बारीक होतो, मावशी. सगळंच वाढलं. डॉलर वाढला, आतले सुटे भाग वाढले. आणि हा हुशार फोन आहे, स्वतः विचार करतो."

"मला हुशार नको. हुशार मी आहे. मला आपला पैसे आले की टुणकन वाजणारा दे."

"याला मागे तीन डोळे आहेत बघ. फोटो असा येतो, की..."

"माझे दोनच आहेत आणि एकात मोतीबिंदू. स्वस्तातला दाखव."

एदिनेल्सनने आवाज खाली घेतला. त्या एका वाक्यापुरता तो खरं बोलला असावा. "स्वस्तातला देतो मावशी. पण वर्ष-दीड वर्षात बँक त्यालाही बाहेर काढेल. मग परत येशील, तेव्हा याचीच किंमत अडीच हजार असेल."

सिल्दा काउंटरला धरून उभी राहिली. स्वस्तातला घ्यावा तर बँक हाकलणार, महागातला घ्यावा तर दात जाणार. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, इथे चणे विकायलाच दात मोडून द्यायचे होते. दुसऱ्या दिवशी तिने दूध पावडरचा डबा आणून काउंटरवर उपडा केला. उरलेल्याचे अठरा हप्ते, पहिला तिथेच भरला. एदिनेल्सनने फोनला फुकटचं गुलाबी कव्हर घातलं.

"हा खर्च समजू नको मावशी, गुंतवणूक समज."

"दात पण गुंतवणूकच होती रे," ती म्हणाली, तोंडावर हात धरून. त्याला काही कळलं नाही.

आता या वस्तीची एक रीत आहे. इथे शहाण्या माणसाकडे दोन फोन असतात. चांगला घरी राहतो आणि जुना बाहेर फिरतो. त्या जुन्याला म्हणतातच 'चोराचा फोन'. मोटरसायकलवरून दोघे आले, की हुज्जत घालायची नाही, तो काढून द्यायचा आणि आपल्या वाटेने जायचं. सिल्दाने नवा फोन आणल्या दिवशी अर्धी गल्ली सांगायला आली. गाडीवर नेऊ नकोस हो, कोपऱ्यावरच्या तळणवालीचा गेला, फुलवालीचा तर दोनदा गेला. सिल्दालाही ते पटलं. दात देऊन आणलेली वस्तू, सतरा हप्ते बाकी, ती काय रस्त्यावर मिरवायची? तिने फोन फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात पुरला. गाडीवर क्यूआरचा कागद लटकवला, आणि एप्रनच्या खिशात रबरबँडवाला, चोराच्या नावाचा.

म्हणजे बघा, ज्याच्यासाठी फोन घेतला तो धंदा झाडाखाली, आणि फोन घरी पिठात! गिऱ्हाईक ताकाका प्यायचं, कागदावर आपला फोन धरायचं, 'पाठवले गं मावशी' म्हणून फोनचा पडदा तिच्या डोळ्यांपुढे नाचवायचं. ती मान डोलवायची. टुणकन वाजायचं ते घरी, डब्यात. ऐकायला तिथे पिठातल्या किड्यांखेरीज कोणी नसे. तायनाराची शाळा दुपारची, पुढे तिचा नाचाचा सराव.

"सिल्दा," अब्दियास म्हणाला, "कुत्रा पाळलास नि कुलपात ठेवलास. राखण कोणाची, तुझी की कुत्र्याची?"

"तुम्हाला काय जातंय? तुमची कणसं मोजून जातात."

पण महिनाभरात तिच्या लक्षात आलं. वाट्या जायच्या वीस, रात्रीच्या जेवणाआधी डबा उघडून बघावं तर पैसे आलेले असायचे सतरा वाट्यांचे, कधी सोळांचे. कोण बुडवतंय? तिने मनातल्या मनात चेहरे लावून पाहिले. समोरच्या बांधकामावरचे मजूर? बिनकामाची टोळकी? फोन सोबत न्यावा म्हटलं तर हिंमत व्हायची नाही. गेला तर दातही गेले, फोनही गेला आणि हप्ते तेवढे राहिले.

ऑगस्टमध्ये ते दोघे मोटरसायकलवरून आलेच. मागच्याने, पंचविशीच्या एका काळ्या टोपीवाल्याने, शर्ट वर करून कमरेचं पिस्तूल दाखवलं. खरं होतं की खोटं, कोण विचारणार? सिल्दाने रीतीप्रमाणे एप्रनमधून फोन काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने उलटापालटा करून पाहिला, रबरबँड ओढून टक् वाजवला.

"हे काय आहे, मावशी?"

"फोन आहे बाबा. घे नि जा."

"याचं मी काय करू? माझी आजीसुद्धा हा वापरणार नाही." आणि त्याने तो तिच्या मांडीवर परत टाकला. मग पातेल्यात डोकावला. "कोळंबी आहे का? दोन लाव. आंबट जास्त."

दोघे गाडीला टेकून ताकाका प्याले. टोपीवाल्याने ओठ पुसले, कागदावर फोन धरला, 'पाठवले' म्हणाला आणि गेला. अब्दियास शेगडीआडून बाहेर आला.

"चोरानेही टाकलेला फोन! सिल्दा, तो आता देव्हाऱ्यात ठेव."

घरी जाऊन तिने डबा उघडला. हात पिठाने पांढरे झाले, तसेच तिने फोनच्या पडद्यावरून बोट फिरवलं. दोन वाट्यांचे पन्नास रेआल आले होते. चोराचे. नावानिशी, वेळेनिशी. त्याच्या लगेच आधीच्या वाटीची जागा मात्र रिकामी होती. आणि चोराच्या अगदी आधी कोण प्यालं होतं, हे तिला लख्ख आठवत होतं. वकीलसाहेब. नोंदणी कचेरीतले, टायवाले. रोज पाचला यायचे, 'मावशी, तुझ्या हाताला आईची चव आहे' म्हणायचे, आणि फोन नाचवून जायचे. तायनाराने फोनमधला मागचा सगळा हिशेब काढून दिला. एकोणीस वाट्या. पैसे एकदाही नाहीत.

तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने फोन पोलक्यात खोचून नेला. साहेब आले, प्याले, पडदा दाखवला. सिल्दाने आपला फोन बाहेर काढला.

"साहेब, आले नाहीत."

"नेटवर्क नसेल गं."

"थांबू या. मला घाई नाही. एकोणीस दिवस थांबलेय, अजून थोडं."

भोवती पाच-सहा माणसं होती, साहेबांच्याच कचेरीतली दोन. साहेबांची नजर फोनवर गेली आणि चेहरा एकदम खुलला, जणू सुटकाच झाली.

"अरे वा! तीन कॅमेरेवाला! माझ्याकडे नाही बाबांनो असला. मावशीचा धंदा जोरात आहे, आणि पंचवीस रेआलसाठी आम्हाला रस्त्यात चोर ठरवतेय!"

लोक हसले. वाईट हसले असं नाही, सहज हसले, आणि तेच तिला लागलं. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि सवयीने हात तोंडावर गेला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तिचं बोलणं हाताच्या आतच राहिलं. साहेबांनी एक नोट काढून गाडीवर टाकली, एका वाटीची, आणि निघाले. पुन्हा आले नाहीत. त्यांच्या कचेरीतलं कोणीही आलं नाही. फोन तेव्हापासून पोलक्यात असतो. मोटरसायकलचा आवाज आला, की सिल्दा आधी छाती धरते, मग पातेलं.

सप्टेंबरात ती दातांच्या कारागिराकडे गेली. तो म्हणाला, "ताई, वर्षअखेरपर्यंत ठेवतो. पुढे नाही. तशीही हिरडी बसत जाते, माप बदलतं." हप्ते तर पुढच्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत होते.

नोव्हेंबर आला. तायनाराने निळा झगा घातला, भाड्याचा. केक होता, शेजारच्यांची खुर्च्या-टेबलं होती, मानाउसहून आई आली नव्हती, तिने फोनवरून पाहिलं. फोटोची वेळ झाली.

"आजी, हस ना!"

"हसतेय की."

"तोंड उघडून हस. हात काढ. मी करते बरोबर."

सिल्दाने हात काढला. लेकराचा दिवस, कशाला मोडायचा? तीन डोळे तिच्याकडे बघत राहिले. मग तायनाराने पडद्यावर बोटाने काहीतरी केलं, दोनदा दाबलं आणि फोन तिच्यापुढे धरला. फोटोत सिल्दा तोंडभर हसत होती आणि वर चार दात होते. पांढरेशुभ्र, सरळ, एका ओळीत. फोनने स्वतः विचार करून बसवलेले.

"बघ आजी, किती छान दिसतेस!"

"छान गं," सिल्दा म्हणाली. आणि जीभ आपोआप त्या खिंडारात जाऊन आली.

सोमवारी तिने तो फोटो अब्दियासला दाखवला. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला, फोन लांब धरला, जवळ धरला.

"अगं! बसवलेस की दात! केव्हा?"

"अठरा हप्त्यांत."

अब्दियास मनापासून खूश झाला. त्याने शेगडीवरचं सगळ्यात मोठं कणीस निवडलं, मीठ-लोणी लावलं आणि पुढे केलं. "मग आता नाही म्हणायचं नाही. नोव्हेंबर ठरला होता."

सिल्दाने ते घेतलं. थोडा वेळ हातात धरून ठेवलं, पानातून वाफ येत होती. मग कागदात गुंडाळून एप्रनच्या खिशात, त्या रबरबँडवाल्या फोनशेजारी ठेवलं.

"घरी नेते," ती म्हणाली. "तायनाराला आवडतं."