पन्नास मिनिटं थांबलेली बस

सहलीच्या पहिल्याच दिवशी मी सगळ्या बसच्या डोक्यात गेले. न्यूझीलंड बघायला निघालेले आम्ही अठ्ठावीस जण, बहुतेक दादर, गिरगाव, परळकडचे, निम्मे पेन्शनर. टूर मॅनेजरने बजावून सांगितलं होतं, आठ म्हणजे आठ. आठ वाजून सहा मिनिटांनी गिरगावचे एक गृहस्थ गळ्यात कॅमेरा अडकवून रमतगमत आले, तेव्हा मी त्यांना दारातच धरलं. "सत्तावीस माणसं गुणिले सहा मिनिटं. किती झाली, सांगा बघू." ते बिचारे ओशाळले. मागून कोणीतरी पुटपुटलं, "आल्या बाई!" तेव्हापासून बसमध्ये माझं नाव 'बाई' पडलं ते पडलंच. परळच्या म्युनिसिपल शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, त्याला दुसरं काय नाव मिळणार?

उशीर करणाऱ्याने बसमध्ये उभं राहून गाणं म्हणायचं, हा नियमही मीच सुचवला. गिरगावकरांना सहा दिवसांत चार गाणी म्हणावी लागली. त्यांचा आवाज असा, की शिक्षा आम्हालाच व्हायची.

बाहेर देखावे होते. समुद्रात सुटलेले कडे, खडकांवर पसरलेले सील, हिरव्या टेकड्या आणि त्यांवर मेंढ्याच मेंढ्या. माझ्या खोलीत जोडीला दिलेल्या दादरच्या मावशी दर वळणावर "अगंबाई!" करायच्या. मी मान डोलवायची. मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मी एका थांब्यासाठी आले होते. सहावा दिवस, एक तळ्याकाठचं गाव, जेवणासाठी बारा ते एक. त्या गावापासून गाडीने दोन तासांवर माझा मुलगा राहतो. पाच वर्षांत मी त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

कुठली सहल घ्यायची ते मी नकाशावर पट्टी ठेवून ठरवलं होतं. मग कार्यक्रमाचा कागद त्याला फोनवर पाठवला, त्या थांब्याखाली लाल रेघ मारून. दोन दिवसांनी उत्तर आलं, "बघतो." बस, एवढंच. आमच्याकडे 'बघतो' म्हणजे बहुतेक नाहीच, हे मला कळत नाही असं नाही. पण नाही म्हणायला त्याला 'नाही' हा शब्द येत होता की! तो त्याने लिहिला नाही. त्या एका शब्दावर मी दोन महिने काढले.

आता ते सांगायलाच हवं. पाच वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले. दुपारी छातीत दुखायला लागलं आणि संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये संपलं. मुलाला फोन केला. तो रडत म्हणाला, "आई, मिळेल ते विमान पकडतो, उद्या संध्याकाळपर्यंत पोचतो. बाबांना ठेव." दीर म्हणाले, "वहिनी, हॉस्पिटलात ठेवायची सोय आहे, एका दिवसाचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "नाही. मयत ताटकळत ठेवायचं नसतं. सकाळी उचलायचं." सगळ्यांना वाटलं, बाई किती खंबीर! खंबीर कसली? त्या थंड कपाटात ते एकटे, आणि मी घरी, ती रात्र मला काढता येणार नव्हती. मला ते उरकायचं होतं. भोईवाड्याच्या स्मशानात दिरांनी अग्नी दिला.

त्याच संध्याकाळी मुलगा दारात उभा. पाठीला सॅक, पायांत बूट तसेच. मी दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "झालं सगळं. उशीर केलास."

हे वाक्य मी एकतीस वर्षं शाळेच्या फाटकात पोरांना ऐकवत आले होते. त्यालाही ऐकवलं होतं, तो चौथीत असताना, आणि फाटकाबाहेर उभा केला होता. तेव्हा तो रडला होता. या वेळी रडला नाही. तेराव्यापर्यंत राहिला, सगळे विधी निमूटपणे केले, माझ्याशी बोलला नाही आणि गेला. पहिली दोन वर्षं दिवाळीला फोन यायचा. पुढे तोही बंद झाला. मी तरी कुठे केला? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ माझ्याइतका कोणाचा नसेल.

त्याला फणसाच्या आठळ्या फार आवडतात, म्हणून गावाहून मागवून, वाळवून, डबाभर घेऊन निघाले होते. विमानतळावरच्या फॉर्मवर प्रश्न होता, बिया आणल्या आहेत का? मी खरं ते लिहिलं. बाहेरचं बी तिथे चालत नाही; तिथल्या मुलीने गोड हसून डबा उघडला आणि आठळ्या कचऱ्याच्या पिंपात ओतल्या. मावशी कुजबुजल्या, "कशाला लिहायचं हो बाई? कोण बघतंय?" रिकामा डबा मात्र मला परत मिळाला. तो मी पर्समध्ये घालून हिंडत होते.

सहाव्या दिवशी बाराला तीन मिनिटं कमी असताना बस तळ्याकाठी लागली. मी हिरवा स्वेटर घातला होता, त्याच्या पहिल्या पगारातला. जेवणाच्या टेबलाशी बसलेच नाही. बाहेर रस्त्यावर उभी राहिले, जिथून डोंगरातला रस्ता गावात उतरतो तिथे. गाडी दिसली की मी टाचा उंचावून बघायची. गाडी जवळ यायची, आतून एखादं गोरं कुटुंब उतरायचं, पोरं आइस्क्रीमकडे पळायची. साडेबारा. पावणेएक. फोन लावला, वाजत राहिला. एकला दहा कमी असताना आमची माणसं बसकडे वळायला लागली.

मग मी जे केलं ते एकतीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने केलं नसेल. मी जाऊन संडासात लपले. आतून कडी लावली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मनात एकच, मी आत आहे तोवर बस जाणार नाही. एक वाजला. एक दहा. बाहेर मावशींचा आवाज. "बाई? बाई, बऱ्या आहात ना?"

"पोट बिघडलंय," मी म्हटलं.

"मुलगा आला नाही का हो अजून?"

मी त्यांना मुलाबद्दल अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. पण रोज झोपण्यापूर्वी त्या कागदावरची लाल रेघ आणि फोनमधला मुलाचा फोटो बघत बसणाऱ्या बाईचं काय चाललंय, हे एकाच खोलीत राहणाऱ्या बाईला कळणार नाही होय! मी कडी काढली. तोंडावर पदर घेऊन रडायला साडीही नव्हती अंगावर, पँट-स्वेटरमध्ये तशीच रडले. मावशींनी माझा हात धरला आणि बसकडे नेलं.

ड्रायव्हर तिथलाच, धिप्पाड, हातभर गोंदलेला. तो घड्याळावर बोट आपटत होता, त्याच्या ड्युटीचे तास मोजलेले असतात. टूर मॅनेजर कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता. मावशी बसमध्ये चढल्या आणि आत काय बोलल्या मला माहीत नाही. दोन मिनिटांनी गिरगावकर खाली उतरले.

"टोपी राहिली हो माझी हॉटेलात," ते म्हणाले. टोपी त्यांच्या डोक्यावर होती. माझ्यासमोरून जाताना त्यांनी ती काढून खिशात कोंबली. पाच मिनिटांनी परत आले, तर आणखी दोघी उतरल्या, त्यांना एकदम बाथरूमची आठवण झाली. मग एकाला चहाची तलफ आली. एक आजोबा गुडघा धरून पायरीवरच बसले. ज्यांना मी सहा दिवस मिनिटांवरून फैलावर घेतलं होतं, ती माणसं माझ्यासाठी एकेक करून उशीर करत होती. मी रस्त्यावर उभी होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मी बघितलं. समोरच्या झाडाखाली एक पांढरी गाडी आम्ही आलो तेव्हापासून उभी होती, आत कोणीतरी टोपी तोंडावर ओढून पडलं होतं. उभ्या गाडीकडे कोण बघतं? मी वाट बघत होते ती येणाऱ्याची.

एक पन्नासला ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. टूर मॅनेजर माझ्याजवळ आला, आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "बाई, आता खरंच नाही थांबता येणार." मी चढले.

बस डोंगराला लागली. रोजची अंताक्षरी कोणी काढली नाही. मीच उठले. नियम माझा होता. गाणं मला येत नाही, म्हणून पुढे जाऊन माइक धरला आणि एकोणतिसाचा पाढा सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. पुढचं म्हणवेना. मागून गिरगावकरांनी उचललं, "एकोणतीस चोक सोळोदरसे," आणि मग सगळी म्हातारी बस एका सुरात तो पाढा शेवटपर्यंत म्हणाली. मी माइक धरून नुसती उभी.

घाट उतरल्यावर फोनला रेंज आली. त्याचा मेसेज तासाभरापूर्वीचा होता.

"आई, मी साडेअकरालाच आलो होतो. उशीर नको म्हणून. समोर पांढऱ्या गाडीत होतो. उतरता आलं नाही. तू बस थांबवलीस ते पाहिलं."

मी टूर मॅनेजरला म्हटलं, "परत फिरवा." तो म्हणाला, "बाई, सत्तर किलोमीटर आलोय आपण." ते मलाही कळत होतं. तरी मी तीनदा म्हटलं, शेवटी हात जोडून म्हटलं. मग फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. तो तीस पावलांवर होता. त्याने माझे पिकलेले केस पाहिले असतील, स्वेटर ओळखला असेल. मला मात्र त्याची टोपी तेवढी आठवते, आणि ती निळी होती की काळी हेही नीट सांगता येत नाही.

मावशींचा चष्मा लावून मी लिहिलं. माझा चष्मा पाण्याने भरला होता. "बाबांच्या वेळी तुझ्यासाठी थांबायला हवं होतं. माझं चुकलं." आयुष्यात 'माझं चुकलं' असं याआधी मी कोणालाच लिहिलेलं नव्हतं. चुकलेली गणितं मी दुसऱ्यांची शोधत आले. थोड्या वेळाने दोन्ही खुणा निळ्या झाल्या. त्याने वाचलं होतं.

याला आता चार महिने झाले. मावशी दादरहून फोन करतात, "काही आलं का हो?" मी नाही म्हणते. त्या म्हणतात, "अहो, तुम्हीच करा ना परत फोन." पण त्या गाडीत तो दोन तास वीस मिनिटं बसून होता आणि त्याला उतरता आलं नव्हतं. त्याला लागेल तेवढा वेळ लागू दे. या मे महिन्यात गावाहून पुन्हा आठळ्या मागवल्या. धुऊन, खिडकीत वाळवून त्याच डब्यात भरून ठेवल्या आहेत. रोज सकाळी फोन बघते आणि मग चहा टाकते. त्याने कितीही उशीर केला तरी चालेल, मी थांबले आहे.