हिल्काचं वादळ, ओइवाचं कुंपण

आमच्या लॅपलँडातली हिल्का म्हणजे आभाळाला कान लावून बसलेली बाई. नवरा गेल्यावर वेधशाळेनं जंगलातल्या खोपटातलं ऐकायचं यंत्र तिच्या हवाली केलं. पृथ्वीभोवती वीजकणांचं मोठं कडं आहे. सूर्याकडून चुंबकी वादळ आलं की त्या कड्यात लाटा उठतात, कणांना गदागदा हलवतात. कैक कण निसटून खाली हवेत येतात आणि संपतात. त्या लाटा हिल्काच्या यंत्रात पाखरांच्या किलबिलाटागत वाजतात.

पण अलीकडं किलबिल कमी आणि टक्-टक्-टक् जास्त. ती टकटक होती तिच्या दिराच्या, ओइवाच्या, रेनडिअरांच्या कुंपणातली वीज. वेधशाळेनं बजावलं, पुढच्या वादळाचा ध्वनी स्वच्छ आला नाही तर खोपटाला कुलूप.

मे महिना, माद्या विणीला आलेल्या, आणि वादळाचा निरोप आला. भल्या सकाळी हिल्का ओइवाच्या दारात.

"भावजी, कुंपणाची वीज बंद करा."

"आन् जनावरं काय तुमच्या भरवशावर सोडू, वैनी?"

"सोडा की. मी राखते. तुम्ही खोपटात यंत्रापाशी बसा. कशाला हात लावायचा न्हाय. शिंक आली तर भाईर जाऊन शिंकायचं."

ओइवा कुरकुरत गेला. इकडं हिल्का काठी घेऊन उभी. रेनडिअर मुकं खरं, पण खुळं नव्हे. एकीनं तारेला नाक लावलं, चटका बसला नाही, निघाली. हिल्का तिच्यामागं धावली तोवर दुसऱ्या अंगानं रांगच लागली.

वादळ सरल्यावर ओइवा आला तो हरखूनच.

"वैनी, कसली पाखरं वो ती! एक थांबलं की दुसरं..." मग त्याची नजर कुंपणात गेली. "किती गेली?"

"आधी किती होती, ते सांगा."

आमच्याकडं माणसाला त्याची रेनडिअरं किती हे विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. ओइवानं तो आकडा बायकोलाही सांगितला नव्हता.

"गेली असतील थोडी," तो पुटपुटला.

तेवढ्यात हिल्काला वेधशाळेचा फोन आला. ध्वनी स्वच्छ आला होता. खोपट राहणार होतं. कड्यातनं किती कण गेले, त्याचा हिशेब आता वेधशाळा मांडणार होती.

ओइवा चिडला. "आन् आधी किती होते, ते त्यास्नी कुणी सांगितलं?"

"ते कण काय तुमच्यासारखे आकडा लपवत न्हाईत. चला, दोर घ्या. गोळा करू. आकडा नको, पुरी झाली की तेवढं सांगा."