पाच पस्तीसचा चार्ज

रेखा सबनीस या बाईनं चौदा महिने कौन्सिलच्या इमारतीचा जिना धुतला, आणि तो धुतल्याबद्दल दर आठवड्याला कौन्सिलला पैसेही भरले. हसू नका. हसण्यासारखं आहे खरं, पण आधी नीट ऐकून घ्या.

लंडनच्या कडेला, पिनरहून एका बसच्या अंतरावर, लार्च कोर्ट नावाची विटांची इमारत आहे, कौन्सिलनं म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं भाड्यानं दिलेली. बारा फ्लॅट, एक जिना, लिफ्ट नाही. रेखा पहिल्या मजल्यावर राहते. वय सत्तावन्न. शाळेच्या किचनमध्ये पोरांना जेवण वाढायचं काम करते. नवरा श्रीकांत हॉस्पिटलात पोर्टर होता. मागच्या वर्षी फेब्रुवारीत ड्यूटीवरच त्याला अटॅक आला आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "सिगारेट ओढायचे का?" रेखा ठणकावून म्हणाली, "नाही. अकरा वर्षांपूर्वी सोडली." मुलीच्या, अन्वीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती त्यानं. आणि रेखाच्या मते श्रीकांत शब्दाचा पक्का माणूस होता.

रडू मात्र तिला आलं नाही. क्रिमेटोरियममध्ये आलं नाही, अन्वी नॉटिंगहॅमला परत गेली तेव्हाही आलं नाही. लोक म्हणाले, धीराची बाई आहे. धीर कसला डोंबलाचा! दाताच्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेऊन आल्यावर गाल असतो ना, तशी ती आख्खीच्या आख्खी बधिर झाली होती. गॅसवर दूध उतू जायचं आणि ही समोर उभी राहून बघायची. अन्वी फोनवर आपल्या इंग्रजाळलेल्या मराठीत विचारायची, "आई, तू जेवली का? तुझी आवाज बरी नाही वाटत." रेखा म्हणायची, जेवले. जेवलेली असायचीही, फक्त काय ते आठवायचं नाही.

त्याच सुमाराला जिना घाण व्हायला लागला. इतकी वर्षं तो बरा स्वच्छ असायचा. श्रीकांत गेला आणि दोन आठवड्यांत कोपऱ्याकोपऱ्यात क्रिस्प्सची पाकिटं, बुटांचा चिखल, दारापाशी पिझ्झावाल्यांच्या जाहिरातींचा खच. ती त्यावरून ये-जा करत राहिली.

मार्चच्या अखेरीला कौन्सिलचं पत्र आलं. घर श्रीकांतच्या नावावर होतं, ते आता रेखाच्या नावावर झालं होतं. असले कागद श्रीकांत बघायचा. हिनं आयुष्यात पहिल्यांदा कौन्सिलचं पत्र उघडलं. त्यात लिहिलं होतं की यापुढे खालील सर्व्हिस चार्जेससाठी तुम्ही जबाबदार आहात. खाली पहिलीच ओळ होती: जिना आणि सामायिक भागाची सफाई, ५.३५.

आता इथं रेखाचं माहेर मध्ये येतं. तिचे वडील वाईकडे तलाठी होते. घरात 'सर्व्हिस' म्हणजे नोकरी; अण्णांची तेहतीस वर्षं सर्व्हिस झाली, असंच बोलायचे. आणि 'चार्ज' म्हणजे कामाचा ताबा. बदली झाली की अण्णा जुन्या गावी चार्ज द्यायचे, नव्या गावी चार्ज घ्यायचे. एक तलाठी मध्येच वारला तेव्हा त्याचा चार्ज सहा महिने अण्णांकडेच होता. तेव्हा गेलेल्या माणसाच्या सर्व्हिसचा चार्ज मागं राहिलेल्याकडे येतो, यात रेखाला काही नवल वाटलंच नाही. राहता राहिलं ५.३५. तलाठ्याच्या घरात वेळ अशीच लिहायचे, मध्ये टिंब देऊन. पौंडाची खूण रकान्याच्या वर कुठंतरी बारीक होती. जिला उतू जाणारं दूध दिसत नव्हतं, तिला ती काय दिसणार!

आणि मग तिला आठवलं. श्रीकांतची बस सहा दहाची. स्टॉप तर समोरच. तरी साडेपाच वाजून गेले की हा दार ओढून घेऊन निघायचा. "एवढ्या लवकर कशाला मरायला?" असं तिनं विचारलं की म्हणायचा, "बसचा काय भरवसा?" वर्षानुवर्षं हे असंच. ती पत्र हातात धरून स्वयंपाकघरात खाली बसली. म्हणजे हा माणूस रोज पहाटे जिना झाडत होता! कुणाला एका शब्दानं न सांगता. म्हणून तो होता तोवर जिना स्वच्छ होता, आणि तो गेला तशी रया गेली. आणखी पुरावा तो कुठला हवा?

कुणाला विचारलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण विचारायला लागतं ते त्राण तिच्यात नव्हतं. भाडं आणि चार्ज दोन्ही अन्वीनं लावून दिलेल्या डायरेक्ट डेबिटनं बँकेतून परस्पर जात होते. सोमवारी पाच पस्तीसला रेखा बादली, फडकं आणि फिनेल घेऊन बाहेर पडली.

बरं वाटलं असं काही नाही. पण वरच्या मजल्यापासून एकेक पायरी पुसत खाली येताना ती मनात म्हणायची, ही त्यानं पुसलीय, हीसुद्धा त्यानं पुसलीय. शेवटच्या पायरीशी जरा थांबायची, फडकं पिळायची, आणि मग घरी. जिन्याखाली विजेच्या मीटरचं कपाट होतं, धोक्याची पाटी लावलेलं. त्याचं दार बाहेरून पुसायची, उघडायची नाही. दिवसभरात जिवंत असल्याची खूण तेवढीच. गुडघे दुखायचे, हातांना भेगा पडल्या, तरी एक दिवस चुकवला नाही. श्रीकांतचं एवढं एकच तिच्याकडे उरलं होतं, असं ती धरून चालली होती.

या वर्षी एप्रिलमध्ये नवं पत्र आलं. सफाई, ६.१०. कौन्सिलनं वेळ बदलली, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं गजर पस्तीस मिनिटं पुढं लावला.

मे महिन्यातल्या एका रविवारी दारावर थाप पडली. तिसऱ्या मजल्यावरचे सॅम्युअल पेणकर. वय त्र्याऐंशी, बेने इस्रायली म्हणजे आपले मराठी ज्यू, भायखळ्याचे; साठेक वर्षांपूर्वी इथं आले आणि बस चालवून रिटायर झाले. त्यांच्या नातवंडांना मराठीचं अक्षर येत नाही, म्हणून काका आपली मराठी रेखा-श्रीकांतपाशी येऊन वापरायचे. कौन्सिलकडे द्यायचा तक्रारीचा कागद त्यांच्या हातात आदल्या दिवशीच पडला होता, पण शब्बाथला, म्हणजे शनिवारी, ते पेनाला हात लावत नाहीत, म्हणून रविवार.

"यावर सही कर," काका आत आल्या आल्या कडाडले. "चोर आहेत लेकाचे! झाडूवाल्याचे पैसे घेतात आणि झाडूवाला पाठवत नाहीत. मी तक्रार केली, तर कौन्सिलचा एक बाबा येऊन फोटो काढून गेला. म्हणतो, जिना तर चकाचक आहे, ठेकेदाराच्या कागदावर दर आठवड्याची सही आहे, सर्व्हिस मिळतेय तुम्हाला. अगं, पण मी एक माणूस बघितला नाही आजवर! तू लवकर उठतेस. तू कुणाला झाडताना पाहिलंस?"

"मलाच," रेखा म्हणाली.

"काय?"

"मीच करते ना, काका. श्रीकांतनंतर चार्ज माझ्याकडे आलाय. आधी पाच पस्तीसला होता, आता सहा दहाला."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग तिच्या फ्रिजवर चुंबकानं अडकवलेलं पत्र वाचलं. त्यांना हसू फुटत होतं, पण तिचा चेहरा बघून ते त्यांनी गिळलं.

"पोरी, बस जरा," ते म्हणाले. "हे बघ. दाराच्या आतलं ते भाडं. दाराच्या बाहेरचं जे सगळ्यांचं मिळून आहे, जिना, दिवे, खालचं दार, गवत, त्याच्या खर्चाला म्हणतात सर्व्हिस चार्ज. वर्षाचा खर्च घ्यायचा, बारा घरांत वाटायचा, बावन्न आठवड्यांनी भागायचा. पाच पस्तीस म्हणजे पाच पौंड पस्तीस पेन्स. आता सहा पौंड दहा. ते तू भरतेसच. आणि वर जिना पण धुतेस!"

"पण आधी श्रीकांत धुवायचा."

"श्रीकांत? छे! आधी केअरटेकर होता, पगारी. तो टोपीवाला. तुमच्याकडे सुतकाचे दिवस चालले होते त्याच महिन्यात कौन्सिलनं त्याला काढलं आणि ठेकेदाराला काम दिलं. श्रीकांतनं एक पायरी झाडली असेल तर शपथ."

रेखानं फ्रिजवरचं पत्र काढून पुन्हा वाचलं. मग तिनं विचारलं, "मग रोज अर्धा तास आधी खाली जाऊन तो करायचा काय?"

काकांना एकदम कागदाची नीट घडी घालायची घाई झाली. "मला म्हाताऱ्याला काय ठाऊक," ते म्हणाले. "तू एक कर. तीन आठवडे जिन्याला हात लावू नकोस. खरी दशा त्यांना दिसू दे. तू धुतेस तोवर त्यांचीच बाजू खरी ठरतेय."

ते तीन आठवडे कसे गेले ते विचारू नका. पहाटे डोळा उघडायचा आणि करायला काही नसायचं. ती पलंगाच्या कडेला बसून राहायची. सात वाजता कामावर निघाली की पायऱ्यांवरची धूळ दिसायची, आणि तिला वाटायचं, ही धूळ धूळच आहे, हिचा श्रीकांतशी काही संबंध नाही, कधी नव्हताच. एवढी साधी गोष्ट होती, पण ती कळली आणि तिच्याकडचं होतं नव्हतं तेही गेलं. आता तिला एकच हवं होतं: तो त्या अर्ध्या तासात कुठं असायचा ते कळायला. काकांना दोनदा विचारलं. एकदा त्यांनी ऐकू न आल्याचं सोंग केलं, दुसऱ्यांदा हवामानावर गेले.

चौथ्या मंगळवारी कौन्सिलची सोफी नावाची तरुण मुलगी आली. रेखा आणि काका दोघंही खाली उभे होते. सोफीनं प्रत्येक पायरीचा फोटो घेतला, ठेकेदाराच्या सह्यांचे कागद पडताळले आणि तोंड वाकडं केलं. कुणी येत नव्हतं हे आता तिला दिसत होतं. चार्जचे पैसे बाराही घरांना परत मिळतील, असं ती म्हणाली. काकांनी विजयी मुद्रेनं रेखाकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती.

"आता फक्त दिव्यांचा मीटर," असं म्हणत सोफीनं जिन्याखालचं कपाट उघडलं.

आत मीटरच्या मागं एक प्लॅस्टिकचा डबा होता. आम्रखंडाचा, वेम्बलीच्या दुकानातला, किलोचा. रेखानं तो लगेच ओळखला. पीठ ठेवायला जपून ठेवलेला तिचा डबा, घरभर शोधला होता. सोफीनं झाकण काढलं. आत सिगारेटची थोटकं होती, एकेक विझवून नीट रचलेली, वर एक लायटर, आणि पेपरमिंटच्या गोळ्यांची अर्धी नळी. त्या गोळ्या श्रीकांत सकाळ-संध्याकाळ चघळायचा. "ॲसिडिटी गं," म्हणायचा.

"काका," रेखा म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

पेणकरकाका खाली बघत होते. "याच पायरीवर बसायचो आम्ही," ते म्हणाले. "एक त्याची, एक माझी. तो गेल्यापासून मी सकाळचा खाली उतरलोच नाही गं."

"अन्वीच्या डोक्यावर हात ठेवला होता मेल्यानं!" रेखा ओरडली. इतक्या जोरात की वर कुणाचंतरी दार उघडलं. "अकरा वर्षं! पोरीची शपथ घेऊन! आणि मी त्या डॉक्टरीणबाईंना तोंड वर करून सांगितलं, नाही म्हणून! चौदा महिने मी याच्यासाठी गुडघे घासले, आणि हा इथं बसून... खोटारडा! लबाड कुठला!" आणि बोलता बोलताच तिचा आवाज फाटला. ती त्या धुळीनं भरलेल्या शेवटच्या पायरीवर मटकन बसली आणि इतक्या महिन्यांचं एकदम रडली, नाक गळेपर्यंत, लहान पोरासारखी. काका गुडघे धरत धरत तिच्या शेजारी बसले.

सोफी बिचारी डबा हातात घेऊन अवघडून उभी राहिली. सामायिक जागेत सापडलेल्या वस्तूची तिच्या कागदावर नोंद व्हायला हवी होती. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, हा कुणाचा आहे, मी टाकून देऊ का?

रेखानं पदरासारखी कार्डिगनची बाही डोळ्यांवरून फिरवली आणि दोन्ही हात पुढं केले.

"माझ्या नवऱ्याचा," ती म्हणाली. "दे इकडं. त्याचा चार्ज माझ्याकडे आहे."