पाटी शेवटी

होय, अक्काला भर उन्हात प्राणिसंग्रहालयात मीच नेलं होतं. दहाव्याच्या दिवशी दादानं चारचौघांत हे मला ऐकवलं, तेव्हा मी मान खाली घातली. आता महिना होत आलाय, म्हणून इथं लिहून टाकतो. नेलं, आणि पुन्हा नेलं असतं.

अक्का आमची थोरली बहीण. लग्न केलं नाही. टपाल कचेरीत नोकरी केली, पडेगावला दोन खोल्यांचं घर बांधलं, आणि सुट्टीच्या दिवशी भावांची पोरं गोळा करून शहरातलं प्राणिसंग्रहालय गाठायचं, हा नेम धरला. लोक वाघापासून सापापर्यंत सगळं झटक्यात उरकून भेळ खायला बाहेर पडतात. अक्का एका फेरीत एकच प्राणी दाखवायची. पोरांना त्याच्यासमोर बसवायची आणि पिंजऱ्याजवळच्या माहितीच्या पाटीवर आपली कापडी पिशवी अडकवून ती झाकून टाकायची. आधी बघायचं, काय दिसलं ते सांगायचं, पाटी शेवटी. राखणदार हटकायला आला तर म्हणायची, "जरा थांबा दादा, पोरं बघायलीत." एकदा मगरीसमोर सगळी रडकुंडीला आली होती. "ही मेलीय," माझी मनू म्हणाली. "मेली असंल. कशावरून, ते सांग," अक्का म्हणाली. बऱ्याच वेळानं मनूला मगरीच्या गळ्याची कातडी हलताना दिसली... आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. दादा हसायचा, "अक्का तिकीट काढती वाघाचं अन् दाखवती मगर." त्यावर अक्का, "तुझ्या पोरांनी वाघ बघितलाय नव्हं? चालताना शेपटी कशी धरतो, विचार बरं त्यांना." दादानं कधी विचारलं नाही. मीही वेगळा नव्हतो. मोबाइलवर शोधून वजन, लांबी, आयुष्य सांगायला लागायचो, आणि अक्का मला लांबच्या बाकावर पिटाळायची.

तिला फुप्फुसाचा आजार निघाला, तेव्हा तो मुलांना कळू द्यायचा नाही, असं आम्ही भावांनी ठरवलं. डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केली होती. तरी तिचा फोन आला. "मनूला घेऊन ये. कोल्हा राहिलाय."

उन्हं चढली होती. अक्का थांबत थांबत पिंजऱ्यापर्यंत गेली, पाटीवर पिशवी अडकवली. मनू बसली, पण कोल्ह्याकडं बघेना. ती अक्काकडं बघत होती. मग नेहमीसारखी सांगायला लागली. "आत्या, तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतायत. बोलताना तू मध्येच थांबतेस. श्वास घेताना तुझे खांदे वर जातात..." आणि मग तिनं विचारलं, "तू मरणार आहेस का?" मी घाईनं म्हणालो, "छे गं, आत्याला बरं वाटणार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय." अक्कानं माझ्याकडं वळून पाहिलं. "तू पाटी वाचू नको तिच्यापुढं." मग मनूला म्हणाली, "व्हय, बाळा. बरोबर बघितलंस." दोघी हात धरून बसून राहिल्या. नंतर मनूनं कोल्ह्याचंही सांगितलं, आणि अक्कानं ते सगळं ऐकून घेतलं.

त्यानंतर अक्काचा त्रास वाढला. ती पुन्हा बाहेर पडली नाही. उन्हानं झालं की आजारानं, मला माहीत नाही. ते ओझं माझं आहे, मी ते कुणावर टाकत नाही. पण मला टोचतं ते वेगळंच. शेवटच्या दिवसांत अक्का मनूची आठवण काढत होती, आणि "लेकराला हे दाखवू नको" असं दादानं बजावलं म्हणून मी मनूला नेलं नाही. दादाला मान दिला... अक्का गेल्यावर मनूनं विचारलं, "कशी गेली?" मी म्हणालो, "शांतपणे." तिनं पुढं काही विचारलं नाही. तिला पाटी ओळखता येते.

गेल्या रविवारी मी तिला पडेगावला घेऊन गेलो. अक्काच्या खोलीत बसवलं आणि गप्प राहिलो. ती बराच वेळ पलंगाकडं बघत होती. मग म्हणाली, "बाबा, भिंतीवर तेलाचा डाग आहे. डोक्याचा. उशी खाली आहे आणि डाग कितीतरी वर आहे. आत्या झोपत नव्हती. बसून राहायची."

मी त्या खोलीत रोज जात होतो. संध्याकाळी जायचो, विचारपूस करायचो, "झोप लागते ना?" म्हणायचो, ती "व्हय" म्हणायची आणि मी घरी यायचो.

मग मी मनूला सगळं सांगितलं. शेवटी धाप कशी लागली होती, पाण्याचा घोट कसा बाहेर आला, तिनं माझं मनगट किती घट्ट धरलं होतं. मनू रडली, पण मध्ये एकदाही थांबा म्हणाली नाही.

दादाला ते घर भाड्यानं द्यायचं आहे. रंगारीही ठरलाय. मी दादाला कळवलंय, बाकीच्या घराला हवा तो रंग दे, त्या भिंतीला ब्रश लागणार नाही. त्याची पोरंही मी तिथं घेऊन जाणार आहे. काय बघायचं, ते मात्र त्यांना सांगणार नाही.