काचेतला कृष्णेचा दगड

वाईहून निघालो तेव्हा आई एसटीच्या खिडकीशी उभी राहून एवढंच म्हणाली, “दोन वर्षांत बदली मागून घे.” मी तोंडभरून ‘हो’ म्हटलं. आई, त्याला सव्वीस वर्षं झाली. झाशीच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आलेला तुझा मुलगा तिथल्याच लक्ष्मी गेट भागातल्या मराठी घराण्याचा जावई होऊन बसला. आणि या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जास्त छळलं ते एका दगडानं.

माझे सासरे, तात्या. पूर्वज पेशवाईत इकडे आले ते आलेच. तात्यांनी महाराष्ट्र पाहिलाच नव्हता. लग्नानंतर मीच त्यांना हौसेनं वाईला नेलं. एवढी कृष्णा, एवढे घाट! आठवण म्हणून तात्यांनी काय उचलावं? नारळाएवढा दगड.

“जावईबापू, हे आपलं मूळ. संभाळून न्या जी.”

नेलं की! भुसावळला गाडी बदलताना चाकांची बॅग घरंगळू नये म्हणून मी मूळ तिच्यापुढे लावलं. गाडी आली, धावाधाव झाली, बॅग चढली, मूळ फलाटावरच राहिलं. झाशीला तात्या रिक्षा ठरवत होते, तेवढ्यात मी स्टेशनबाहेरचा त्याच मापाचा दगड बॅगेत टाकला.

तात्यांनी तो गंगाजलानं धुतला, मानिक चौकात काचेच्या चौकटीत बसवायला दिला. फ्रेमवाल्यानं विचारलंही, “भाईसाहब, दीवार सह लेगी?” नाही सोसलं भिंतीला. तीनदा खिळा निघाला, एकदा चौकट माझ्या पायावर. तरी दर पाडव्याला मी त्या रस्त्याच्या दगडाला हळदकुंकू वाहिलं. सांगतो कोणाला?

परवा माझी ईशा जर्मनीला निघाली. तात्यांचं फर्मान सुटलं: मूळ नातीबरोबर जाणार. दगड चौकटीतून निघून बॅगेत गेला, वजन वाढलं, आणि बायकोनं चकल्यांचा डबा बाहेर काढला. चकल्यांचा! ईशाला गच्चीवर ओढत नेऊन मी सगळं ओकलो.

“अगं, रिक्षा स्टँडवरचा आहे तो!”

“पक्का? झाशीचा?”

“तुझी शपथ.”

“फिर तो ले ही जाऊँगी, बाबा. वाईला मी दोनदाच गेले. घर तो यही है ना?”

घ्या! पंचवीस वर्षं लपवलेला गुन्हा, आणि लेकीनं मुद्देमालच खरा ठरवला.

दगड गेला. भिंतीवर रिकामी चौकट आहे, आणि मी तिच्याखाली बसून चडफडत ईशाच्या वाटच्या चकल्या खातोय. स्टेशनवर मी तिला म्हणालो, “दोन वर्षांत परत ये हं.”

आई, ती अगदी माझ्यासारखंच पटकन ‘हो’ म्हणाली.