यादीत नसलेलं पिठलं

अप्पांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसाला घरी आचारी बोलवायचा, हे अण्णानं चेन्नईहूनच ठरवून टाकलं होतं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, अप्पा आमचे वडील. आई गेल्यापासून अप्पा कुंभकोणमच्या घरात एकटे राहत. मी लग्न होऊन पुण्याला. वर्षातून एकदा सगळे जमतो, तेव्हा वहिनीनं आणि मी चुलीपाशीच का अडकावं, असं अण्णाचं म्हणणं.

आचारी दुपारी दोनला आला. पन्नाशीचा, कपाळावर विभूती, स्वतःच्या सुऱ्या कापडात गुंडाळून आणलेल्या. मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून आता लोकांच्या घरी जाऊन जेवण करून देत होता. वहिनीनं तमिळमध्ये त्याला यादी वाचून दाखवली: मिश्र भाज्यांचं अवियल, चिंचेचं वत्तकुळंबु, बटाटा-मुगाचा कडप्पा, पायसम. त्यानं मान हलवली आणि भाजी चिरायला बसला.

अप्पा बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून अण्णा आणि मी स्वयंपाकघरातच बोलत उभे राहिलो. आचाऱ्यासमोर बोलायला कसली भीती? घरात आम्ही आमची जुनी तंजावरी मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. बाजारात, बसमध्ये, डॉक्टरांकडे, कुठंही चार लोकांसमोर घरचं काही बोलायचं झालं तर आम्ही सरळ मराठीत बोलायचो. लहानपणापासूनची सवय.

"अप्पांस आतांच नको सांगूं," अण्णा म्हणाला. "संध्याकाळी सांगूं. एक तारखेस भाडेकरी येतात. त्याच्या अगोदर त्यांस चेन्नैस नेऊं."

"ते नाही म्हणतील."

"म्हणूनच विचारलें नाही. भाडेकऱ्यांस हो म्हणून झालें. आतां काय करतील?"

मी पुढं हरकत घेतली नाही. अप्पा दोनदा न्हाणीघरात पडले होते, हे खरं. वर मी एवढंही म्हणाले, "हा माणूस फार हळू चिरतो, सात वाजेपर्यंत होईल ना?" आचाऱ्यानं मान वर केली नाही.

सात वाजता केळीची पानं मांडली. अप्पा, अण्णा, अण्णाच्या दोन मुली, मी. वहिनी आणि आचारी वाढत होते. सगळं वाढून झाल्यावर तो एक लहानसं पातेलं घेऊन आला आणि अप्पांच्या पानावर पळीभर पिठलं वाढलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. यादीत पिठलं नव्हतं. आई गेल्यावर या घरात कुणी ते केलंही नव्हतं.

अप्पांनी एक घास घेतला आणि तमिळमध्ये विचारलं, "हे तुला कुणी करायला सांगितलं?"

"कोणी नाही, सर," तो म्हणाला. मराठीत. आमच्याच मराठीत. "माझी आई आडुतुरैची. आपल्यांतलीच. तुम्ही एक तारखेच्या अगोदर चेन्नैस जातां. तेथें हें कोण करून देईल, म्हणून केलें."

अण्णानं हातातला घास पानावर ठेवला. आचाऱ्यानं आमच्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे, आणि त्याच्या लक्षात आलं. हातातलं पातेलं त्यानं हळूच खाली ठेवलं.

"मज वाटलें, एव्हांना सांगितलें असेल," तो पुटपुटला.

"आणखी काय ऐकलेंस?" अप्पांनी विचारलं.

"मी स्वयंपाकास आलों, सर."

अप्पा अण्णाकडे वळले. "मग तूं सांग."

अण्णानं सांगितलं. भाडेकरू, तारीख, सगळं. मुली खाली मान घालून भात चिवडत होत्या. अप्पांनी ताकभात संपवला, पान मिटलं आणि ते हात धुवायला उठले.

मी मागच्या दारी गेले. आचारी तिथं सुऱ्या धूत होता. "आम्ही बोलत होतो तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"सांगणार होतों, अक्का. पण तुम्ही घरचें बोलायास लागलांत. पहिलें वाक्य ऐकून गप्प राहिलों, मग दुसरें. तासाभरानें तोंड कसें उघडूं?"

चोरून ऐकलं म्हणावं, तर आम्हीच त्याच्या डोक्यावर उभं राहून बोललो होतो. तो हळू चिरतो, हेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर कॉफी नेली. टंबलर पुढं केला तेव्हा अप्पा तमिळमध्ये म्हणाले, "तिथं ठेव." कुणी परकं नसताना जन्मात ते माझ्याशी तमिळ बोलले नव्हते. मला वाटलं, ओट्यासमोरून कुणी जात असेल. रस्ता रिकामा होता. अण्णाशीही तसंच. नातींशी मात्र मराठीत.

अण्णानं त्याच दिवशी भाडेकरूंना नकार कळवला. मी पुण्याला परतले. दीड महिना अप्पा फोनवर माझ्याशी तमिळमध्येच बोलत होते, अगदी सौजन्यानं, बँकेतल्या माणसाशी बोलावं तसं. मग एका रविवारी, काहीच घडलं नसल्यासारखं, त्यांनी मराठीत विचारलं की पुण्यात बरी कवळी बसवणारा कोणी आहे का. मी फोन धरून कितीतरी वेळ नुसती "हो, हो" म्हणत राहिले.

ते अजून कुंभकोणमलाच आहेत. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला आहे. कुठं बसवायचा, हे त्यांनीच गवंड्याला दाखवलं.